गवत जांभळं, प्रिन्स बुटका: जुने गेम नव्या पडद्यावर लावताना

एज ऑफ एम्पायर्सची १९९७ सालची सीडी, प्रिन्स ऑफ पर्शियाची १९९० ची डॉसवरची (विंडोजच्या आधीची प्रणाली) आवृत्ती आणि डायब्लो २ (२०००). तीन गेम आणि दोन यंत्रं: एक जुना डेस्कटॉप, त्यात विंडोज ७, दुसरा विंडोज ११ चा १५.६ इंची लॅपटॉप, पडदा १९२० × १०८०, इंटेलचं ग्राफिक्स आणि जोडीला एनव्हिडियाचं कार्ड. तिन्ही गेम सुरू झाले, पण एकही धड दिसेना. डेस्कटॉपवर एज ऑफ एम्पायर्सचं गवत जांभळं आणि पाण्यात लाल चट्टे. तीच सीडी लॅपटॉपवर लावली तर रंग बरे, पण गावकरी आडवे सुटलेले आणि माउसचा बाण मागे मागे रेंगाळणारा. प्रिन्स बुटका. डायब्लो कडेपर्यंत ताणलेला आणि वर धुरकट. हे तिन्ही कसे मार्गी लागले, ते ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने पुढे देतोय.

सगळ्यात आधी काय करायचं नाही, ते. गेम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथल्या दिसतील त्या चौकटींवर टिचक्या: विंडोज ९८, २५६ रंग, ६४० × ४८०, सगळं एकदम. बहुतेकांचा हात पहिला तिथेच जातो. कधी जमूनही जातं, पण मग कुठल्या टिचकीने काम झालं ते कळत नाही. दुसरा घोळ मोठा आहे. यातल्या काही टिचक्यांमुळे विंडोज स्वतःची डायरेक्टड्रॉची (पडद्यावर द्विमितीय चित्र काढणारी विंडोजची जुनी यंत्रणा) फाइल गेमच्या आधीच चढवून ठेवते. मग खरा इलाज म्हणून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल वाचलीच जात नाही, आणि माणूस तासभर सेटिंग बदलत बसतो. पडद्यावर ढिम्म काही हलत नाही. म्हणून त्या पानावरच्या सगळ्या टिचक्या काढून सुरुवात करा.

मग गेम ग्राफिक्स कार्डाशी कुठल्या भाषेत बोलतो ते शोधायचं. साल बघून ढोबळ अंदाज येतो. १९९५ च्या आधीचे बहुतेक डॉसवरचे. विंडोज ९५ नंतरचे द्विमितीय गेम डायरेक्टड्रॉवाले. १९९६ ते २००० मधले बरेच त्रिमितीय गेम ३डीएफएक्सच्या व्हूडू कार्डासाठी ग्लाइडमध्ये लिहिलेले. त्यापुढचे डायरेक्ट३डी ८, आणि २००२ च्या अखेरीपासून ९. अंदाजावर भागत नसेल तर एक साधी युक्ती आहे. ईएक्सई फाइल नोटपॅड++ मध्ये उघडा. पडदाभर कचरा दिसेल, तो दिसू दे. शोध चौकटीत आधी ‘डीड्रॉ’, मग ‘ग्लाइड’, मग ‘डी३डी८’, ‘डी३डी९’ इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. गेमला ज्या डीएलएल फाइली (प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाइली) लागतात त्यांची नावं त्या कचऱ्यात साध्या अक्षरांत सापडतात. काहीही न जतन करता फाइल बंद करा. ईएक्सईवर कॉपी-संरक्षणाचं कवच चढवलेलं असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा साल आणि फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली यांवरूनच ठरवावं लागतं.

एज ऑफ एम्पायर्समध्ये ‘डीड्रॉ’ लगेच सापडलं. आता गवत जांभळं का होतं ते. हा गेम ८ बिट रंगांचा आहे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याची नोंद ० ते २५५ मधल्या एका आकड्याने होते. कुठला आकडा म्हणजे कुठला रंग, ते २५६ घरांच्या एका तक्त्यात लिहिलेलं असतं. त्याला पॅलेट म्हणतात. समजा ११७ नंबरच्या घरात हिरवा आहे. तिथे दुसऱ्या कोणी जांभळा लिहिला तर सगळं ११७ नंबरचं गवत एका क्षणात जांभळं. यात एक गोम अशी की २५६ पैकी २० घरं, पहिली १० आणि शेवटची १०, विंडोज स्वतःच्या खिडक्यांसाठी धरून ठेवते. ती ताब्यात घेऊनच गेम आपला पूर्ण तक्ता लावतो. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये मागे चालू असलेला एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार सांभाळणारा प्रोग्रॅम, मधूनच त्या तक्त्यात हात घालतो. गेमच्या चित्रांत काहीच बिघडलेलं नसतं, तक्त्याची फक्त सरमिसळ झालेली असते. म्हणूनच आकार बरोबर आणि रंग चूक असं दिसतं. आकारही फाटलेले असतील, चौकोनी ठिगळं उडत असतील, तर कारण पॅलेट नाही. तिथे कार्डाचा ड्रायव्हर बघावा.

विंडोज ७ वर याला दोन गावठी उपाय आहेत आणि दोन्ही चालतात. पहिला: डेस्कटॉपवर राइट क्लिक करून स्क्रीन रिझोल्यूशनची खिडकी उघडा, ती तशीच उघडी ठेवा आणि गेम सुरू करा. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण रंग जागेवर येतात. दुसरा: तीन ओळींची बॅच फाइल. पहिल्या ओळीत टास्ककिलने एक्सप्लोरर बंद करायचा, दुसरीत गेमची ईएक्सई, तिसरीत स्टार्टने एक्सप्लोरर परत चालू. गेम सुरू असेपर्यंत टास्कबार नसतो, गेममधून बाहेर पडलं की येतो. गेम अडकला तर तिसरी ओळ येतच नाही आणि समोर नुसता कोरा पडदा राहतो. तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि न्यू टास्कमधून एक्सप्लोरर हाताने चालू करा.

विंडोज ८ पासून परिस्थिती बदलली. तिथून पुढे ८ आणि १६ बिट रंग खरे उरलेच नाहीत, विंडोज त्यांची नक्कल करते. म्हणून लॅपटॉपवर रंग बरे होते. या नकलेचा खर्च मात्र गतीत भरावा लागतो. डायरेक्टड्रॉचं जे काम पूर्वी कार्ड करायचं ते आता प्रोसेसरच्या गळ्यात आणि त्यावर डेस्कटॉप जोडणारी यंत्रणा. रेंगाळणारा बाण तिथून येतो. इथे गावठी उपाय पुरत नाहीत. मधे दुभाष्या बसवावा लागतो.

दुभाष्या म्हणजे गेमला हवी त्याच नावाची, पण आतून नवी असलेली डीएलएल फाइल. विंडोज ‘डीड्रॉ.डीएलएल’ शोधायला लागली की आधी गेमच्याच फोल्डरमध्ये बघते, तिथे नसेल तर सिस्टमच्या. आपण फोल्डरमध्ये आपली ठेवली की गेम तिच्याशी जुन्या भाषेत बोलतो आणि ती पुढे कार्डाशी ओपनजीएल किंवा डायरेक्ट३डी ९ या नव्या भाषेत बोलते. डायरेक्टड्रॉच्या द्विमितीय गेमसाठी मी सीएनसी-डीड्रॉ वापरलं. ते फुकट आहे, आणि नावात कमांड अँड कॉन्करची आद्याक्षरं असली तरी इतर गेमनाही चालतं.

ते बसवताना पहिला अडथळा आला तो फोल्डरचा. गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये होता. तिथे लिहायची परवानगी साध्या प्रोग्रॅमना नसते, त्यामुळे सेटिंग जतन झाल्यासारखी दिसते आणि पुढच्या वेळी ये रे माझ्या मागल्या. सी ड्राइव्हवर थेट ‘गेम्स’ नावाचं फोल्डर करून गेम तिथे बसवा. मग सीएनसी-डीड्रॉच्या झिप फाइलमधलं सगळं, म्हणजे डीएलएल, आयएनआय (सेटिंग लिहिलेली) फाइल, कॉन्फिगचा प्रोग्रॅम आणि शेडर्सचं (चित्रावर शेवटचा हात फिरवणारे छोटे प्रोग्रॅम) फोल्डर, गेमच्या ईएक्सईच्या शेजारी ठेवा. शेजारीच, आत आणखी एका फोल्डरमध्ये राहिलं तर उपयोग नाही. अँटिव्हायरस अशा डीएलएलवर कधी कधी डोळे वटारतो आणि न विचारता फाइल उचलून कोंडून ठेवतो. फाइल ठेवल्यावर ती अजून तिथेच आहे ना, हे बघून घ्या.

आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडून चार ओळी बघितल्या. ‘विंडोड’ आणि ‘फुलस्क्रीन’ या दोन्ही ट्रू केल्या. दोन्ही एकदम ट्रू हे विसंगत वाटतं, पण त्याचा अर्थ असा की गेम कडा नसलेल्या खिडकीत चालतो आणि ती खिडकी पडदाभर पसरते. फायदा म्हणजे ऑल्ट-टॅब केल्यावर पडद्याचं रिझोल्यूशन बदलत नाही आणि गेम कोलमडत नाही. तिसरी ओळ ‘मेनटॅस’, ती ट्रू केली की चित्राचं मूळ प्रमाण राहतं. चौथी ‘रेंडरर’, ती ऑटोवरच राहू दिली. ऑटोवर काळा पडदा आला तर ओपनजीएल, मग डायरेक्ट३डी ९, आणि काहीच चाललं नाही तर जीडीआय (विंडोजची चित्र काढायची जुनी साधी पद्धत), या क्रमाने बदलून बघा. जीडीआय सगळ्यात हळू, पण जवळपास कुठेही चालतं.

दुभाष्या खरंच बसलाय का, याची खात्री करायला ऑल्ट-एंटर दाबा. गेम खिडकीत गेला आणि पुन्हा दाबल्यावर पडदाभर झाला तर बसलाय. नुसता गेमच हिरमुसून पडला किंवा काहीच झालं नाही तर विंडोज अजून स्वतःचीच फाइल वापरते आहे. कम्पॅटिबिलिटीचं पान पुन्हा तपासा. लिनक्सवर वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) हा गेम चालवणाऱ्यांनी वाइनच्या कॉन्फिगमध्ये लायब्ररीजच्या पानावर ‘डीड्रॉ’ हे नाव घालून आधी नेटिव्ह, मग बिल्टइन असा क्रम द्यावा. नाहीतर वाइन बाहेरच्या डीएलएलकडे ढुंकूनही बघत नाही.

सुरुवातीची चित्रफीत काळी दिसत असेल किंवा तिथेच गाडी अडत असेल तर शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये ईएक्सईच्या नावापुढे जागा सोडून ‘नोस्टार्टअप’ लिहा. गेम थेट मेन्यूवर येतो.

आता आडवे सुटलेले गावकरी. एज ऑफ एम्पायर्सचं सगळ्यात मोठं रिझोल्यूशन १०२४ × ७६८, म्हणजे ४:३. पडदा १६:९. चित्र १०८० उंचीला नेलं तर रुंदी १४४० व्हायला हवी. डावी-उजवीकडे प्रत्येकी २४० ठिपक्यांची काळी पट्टी राहणार. पट्टी नको म्हणून १९२० पर्यंत ताणलं की सगळं एक तृतीयांशाने रुंद होतं. पट्ट्या बघून काही लोकांना पडदा वाया गेल्यासारखा वाटतो. मला उलट ताणलेलं चित्र पाच मिनिटंही बघवत नाही. हा गेम चित्रांच्या तयार ठशांचा आहे, त्यात ‘रुंद दृश्य’ नावाची चीज आपोआप तयार होत नाही. मेनटॅस ट्रू केल्यावर हा प्रश्न संपला.

दुभाष्याशिवाय चालणाऱ्या गेमना हेच प्रमाण ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमधून राखता येतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ या पानावर अ‍ॅस्पेक्ट रेशो निवडा, स्केलिंग (चित्र लहान-मोठं करणं) जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, करा आणि गेमने ठरवलेलं स्केलिंग डावलणारी चौकट टिचकवा. एएमडीमध्ये जीपीयू स्केलिंग चालू करून ‘प्रिझर्व्ह अ‍ॅस्पेक्ट रेशो’. लॅपटॉपवर एनव्हिडियाचं ते पान मुळातच दिसलं नाही, आणि त्यावरून बरेच जण ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवत बसतात. ड्रायव्हरमध्ये काही खोट नसते. दोन ग्राफिक्सच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याची तार इंटेलच्या चिपला जोडलेली असते, एनव्हिडिया फक्त चित्र काढून तिच्या हाती देतो. म्हणून तिथे स्केलिंगची सेटिंग इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये, डिस्प्लेच्या पानावर, ‘मेंटेन अ‍ॅस्पेक्ट रेशो’ अशी सापडते.

लॅपटॉपवर आणखी एक भानगड निघाली. गेमचा उजवा आणि खालचा भाग पडद्याबाहेर, आणि माउसची टिचकी बाणाच्या टोकाला न लागता जरा बाजूला. कारण विंडोजचं १२५ टक्के स्केल. जुन्या प्रोग्रॅमला हे स्केल कळत नाही, म्हणून विंडोज त्याला खोटंच सांगते की पडदा १५३६ × ८६४ चा आहे. १५० टक्के असेल तर १२८० × ७२० सांगते. गेम त्या खोट्या मापावर हिशोब करतो. उपाय त्याच कम्पॅटिबिलिटीच्या पानावर आहे आणि तिथली ही एकच सेटिंग मी ठेवली: ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये जाऊन सगळ्यात खालची ओव्हरराइडची चौकट टिचकवा आणि खाली ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडा. ही सेटिंग दुभाष्याच्या आड येत नाही. पूर्ण विंडोजचं स्केल १०० टक्के करायची गरज नाही. तसं केलं तर बाकीची सगळी अक्षरं मुंगीएवढी होतात.

प्रिन्स ऑफ पर्शिया डॉसचा, म्हणजे तो डॉसबॉक्समध्ये, डॉसच्या जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. आवृत्ती ०.७४-३. इथला प्रश्न ठिपक्याच्या आकाराचा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढच्या सेटिंगला अर्थ नाही. गेम ३२० × २०० ठिपक्यांत काढलेला आहे. ३२० भागिले २०० म्हणजे १६:१०. पण त्या काळचा मॉनिटर ४:३ चा काचेचा. त्याच्या नळीला ठिपक्यांची ठरलेली जाळी नव्हती. येईल ते चित्र पूर्ण काचेवर पसरायचं. ३२० × २०० चं चित्र ४:३ वर पसरलं की प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच होतो. चित्रकाराने प्रिन्स त्या उंच ठिपक्यांवर बघत काढला. आजच्या पडद्याचे ठिपके चौकोनी. तिथे तेच आकडे जसेच्या तसे मांडले की प्रिन्सची उंची सहाव्या भागाने कमी.

डॉसबॉक्सची कॉन्फिग फाइल स्टार्ट मेन्यूत ‘ऑप्शन्स’ नावाने असते. त्यात बदललेल्या ओळी (टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या):

फुलस्क्रीन = ट्रू
फुलरिझोल्यूशन = डेस्कटॉप
आउटपुट = ओपनजीएल
अ‍ॅस्पेक्ट = ट्रू
स्केलर = नन

आउटपुट मुळात ‘सरफेस’ असतं. ते तसंच ठेवलं तर मोठ्या काळ्या पडद्याच्या मधोमध टपाल तिकिटाएवढं चित्र येऊ शकतं; तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच. अ‍ॅस्पेक्ट मुळात फॉल्स असतं, ते ट्रू केलं की प्रिन्सला त्याची उंची परत मिळते. ६४० × ४८० किंवा ३२० × २४० च्या गेमना या ओळीने काही अपाय होत नाही, कारण ते आकडे मुळातच ४:३ आहेत.

डोळ्यांवर विश्वास न ठेवता चक्क पट्टी लावून मोजलं. १५.६ इंची १६:९ पडद्याची उंची १९.४ सेंटीमीटर. चित्राने पूर्ण उंची भरली असेल तर रुंदी २५.९ सेंटीमीटर यायला हवी. आली. साधारण ३१ भरली असती तर ते १६:१० चं न सुधारलेलं चित्र, आणि ३४.५ भरली असती तर कडेपर्यंत ताणलेलं.

एवढ्यावर चित्र बरोबर आकारात आलं, पण किंचित धुरकट. ओपनजीएलच्या जागी ‘ओपनजीएलएनबी’ लिहिलं की धुरकटपणा जातो आणि ठिपके कडक कडांचे दिसतात. मग दुसरंच दुखणं डोकं वर काढतं. २०० ओळी १०८० मध्ये बसवायच्या म्हणजे ५.४ पट. पडद्याचा ठिपका अर्धा करता येत नाही, त्यामुळे १२० ओळी पाच-पाच ठिपके जाड आणि ८० ओळी सहा-सहा. आडव्या दिशेला ४.५ पट, म्हणजे निम्मे स्तंभ चार ठिपक्यांचे, निम्मे पाचाचे. भिंतीच्या विटा जवळून बघितल्या तर जाड-बारीक रेषा दिसतात. सरकत्या पार्श्वभूमीच्या गेममध्ये हीच विषमता चित्रभर लहरी उठवते आणि फार त्रास देते. प्रिन्सचं नशीब असं की तो सरकत नाही. एक खोली संपली की पुढची खोली एकदम समोर येते. म्हणून प्रिन्सला कडक ठिपके चालले. सरकणाऱ्या गेमसाठी डॉसबॉक्स स्टेजिंग ही वेगळी आवृत्ती घ्या. त्यातला ‘शार्प’ शेडर ठिपक्याचा मधला भाग कडक ठेवतो आणि फक्त कडेचा धागा मिसळतो. शिवाय तिथे ४:३ ची दुरुस्ती आधीच चालू असते.

हा हिशोब कुठल्या पडद्यावर नेमका बसतो तेही बघण्यासारखं आहे. ३२० × २०० ला पाच पट आडवं, सहा पट उभं केलं की बरोबर १६०० × १२००, म्हणजे ४:३ चा पूर्ण आकडा. त्यामुळे १९२० × १२०० चा जुना ऑफिसचा मॉनिटर डॉसच्या गेमसाठी सोनं आहे. ६४० × ४८० साठी २५६० × १४४० चा मॉनिटर: ४८० ची तीन पट १४४०. फोरके पडदा मात्र या कामाला अवघड. २१६० भागिले ४८० म्हणजे साडेचार. तरी तिथे ठिपके इतके बारीक की चार आणि पाचमधला फरक दोन हातांवरून कळत नाही. पूर्ण पटीचंच चित्र हवं असेल तर सीएनसी-डीड्रॉमध्ये ‘बॉक्सिंग’ ट्रू करा. १०८० वर ६४० × ४८० दुप्पट होऊन १२८० × ९६० होतं आणि चारी बाजूंना काळी चौकट राहते.

डायब्लो २ ला त्याच्या मानाने थोडा वेळ लागला. हा गेम डायरेक्टड्रॉ, डायरेक्ट३डी आणि ग्लाइड अशा तिन्ही भाषा बोलतो. त्यातली ग्लाइड आज सगळ्यात सोयीची, गंमत म्हणजे ती चालवणारी कार्डं बाजारातून जाऊन दोन दशकं उलटल्यावर. ३डीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली तो सौदा २००० च्या डिसेंबरातला. इथला दुभाष्या डीजीव्हूडू २. त्याच्या झिपमधल्या ‘३डीएफएक्स’ फोल्डरच्या ‘एक्स८६’ मधून ‘ग्लाइड३एक्स.डीएलएल’ उचलून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली. सोबत कंट्रोल पॅनेलची ईएक्सई आणि कॉन्फ फाइल. ६४ बिटांच्या विंडोजवर असलात तरी गेम ३२ बिटांचा आहे, म्हणून ‘एक्स८६’ चीच फाइल. ‘एक्स६४’ ची ठेवली तर गेम उघडणारच नाही. त्याहून जुन्या ग्लाइड गेमना बहुधा ‘ग्लाइड२एक्स’ लागते.

डीजीव्हूडूचं पॅनेल उघडल्यावर सगळ्यात वर फोल्डरच्या चौकटीशेजारी ठिपका-रेघ असलेलं बारीक बटण आहे, ते आधी दाबा. नाहीतर सेटिंग गेमच्या फोल्डरऐवजी भलतीकडे जतन होते. स्केलिंग मोडमध्ये प्रमाण राखणारा पर्याय निवडा. ग्लाइडच्या पानावर रिझोल्यूशन ‘अनफोर्स्ड’ राहू द्या. गेम ठशांचाच आहे, मोठं रिझोल्यूशन लादून चित्रात नवं काही उगवत नाही. शेवटी शॉर्टकटच्या टार्गेटपुढे ‘-३डीएफएक्स’, किंवा गेमच्याच फोल्डरमधला व्हिडिओ टेस्टचा प्रोग्रॅम चालवून यादीतून ग्लाइड निवडा. बसलं की नाही ते व्हिडिओच्या मेन्यूत कळतं: ‘पर्स्पेक्टिव्ह’चा पर्याय डायरेक्टड्रॉवर मिळत नाही, ग्लाइडवर चालू करता येतो. रिझोल्यूशन मूळ गेममध्ये ६४० × ४८०, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन हा विस्तार (२००१) घातल्यावर ८०० × ६००. सीडी आत ठेवायची कटकट १.१२ च्या पॅचपासून गेली.

डीजीव्हूडू डायरेक्टएक्स १ ते ९ चंही काम करतो. त्यासाठी ‘एमएस’ फोल्डरमधल्या फाइली घ्यायच्या. डायरेक्ट३डी ७ पर्यंतच्या गेमसाठी ‘डीड्रॉ’ आणि ‘डी३डीआयएमएम’ अशा दोन्ही लागतात. दुसरी विसरली की मेन्यू दिसतो आणि त्रिमितीय भाग सुरू होताच गेम झोपतो. एखादा गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ म्हणत असेल आणि कार्डात ८ जीबी असतील, तर गेम खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशोबात २ जीबीपुढचा आकडा उलटा फिरून ऋण होतो. डीजीव्हूडूमध्ये मेमरी २५६ एमबी सांगा, समाधान होतं. कोपऱ्यात येणारा डीजीव्हूडूचा शिक्का पहिल्यांदा मुद्दाम राहू द्या, तीच बसल्याची खूण. नंतर टिचकी काढून टाका.

२००० नंतरच्या त्रिमितीय गेममध्ये रुंद पडदा खऱ्या अर्थाने भरता येतो, कारण तिथे कॅमेरा असतो. नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड (२००५) साठी थर्टीनएजी नावाच्या प्रोग्रॅमरचा वाइडस्क्रीन फिक्स घ्या. एक ‘डीइनपुट८’ डीएलएल आणि एक ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डर, दोन्ही ईएक्सईशेजारी. गेम १.३ आवृत्तीचा हवा. आयएनआयमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही शून्य ठेवल्या की पडद्याचंच रिझोल्यूशन धरलं जातं. नुसतं रिझोल्यूशन वाढवणं आणि कॅमेऱ्याचा कोन वाढवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हा फिक्स दोन्ही करतो, आणि स्पीडोमीटरचा अंडाकार झालेला गोलही परत गोल करतो. त्या वर्षांतल्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं संरक्षण आहे आणि विंडोज १० पासून त्याचा ड्रायव्हरच चालत नाही. तिथे गेम मुळात उघडत नसेल तर डिस्प्लेच्या सेटिंगशी झुंजण्यात अर्थ नाही.

१४४ हर्ट्झच्या पडद्यावर काही गेम पिसाळल्यासारखे पळतात, कारण त्यांचं घड्याळ फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांच्या संख्येवर, बांधलेलं असतं. सीएनसी-डीड्रॉमध्ये ‘मॅक्सगेमटिक्स’ ६० करा, नाहीतर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधून पडदाच तेवढ्यापुरता ६० हर्ट्झवर आणा. ‘जीटीए: व्हाइस सिटी’ या गेममध्ये मेन्यूतला फ्रेम लिमिटर चालूच ठेवा. तो बंद केला की चित्र गुळगुळीत होतं आणि गाड्यांची चाल बिघडते.

गेम पडदाभर अडकला आणि टास्क मॅनेजर त्याच्या मागे लपला, तर विंडोज-कंट्रोल-डी दाबून नवा डेस्कटॉप उघडा आणि तिथून टास्क मॅनेजरने गेम बंद करा. पडदा नुसता काळा पडला असेल तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, यंत्र बंद करावं लागत नाही.

सगळं बसल्यावर ‘गेम्स’ फोल्डरची डीएलएल आणि आयएनआयसकट झिप करून ठेवली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला की कार्डाच्या पॅनेलमधलं स्केलिंग कधी कधी मूळपदावर जातं आणि गावकरी पुन्हा आडवे दिसायला लागतात. तेव्हा गेमच्या फोल्डरमध्ये काही उचकू नका, आधी पॅनेलचं ते एक पान उघडून बघा.